झिरो नंबरचा चष्मा

फर्निचरच्या दुकानावरचं सभागृह त्या रविवारी सकाळी इतकं भरलं होतं, की उरलेले लोक खाली विक्रीच्या सोफ्यांवर ऐसपैस बसले होते. दुकानदार त्यांना काही बोलत नव्हता, कारण तो स्वतः वर दुसऱ्या रांगेत जागा धरून होता. जिन्यात रांग होती, रांगेत ढकलाढकली होती, आणि जिना संपतो तिथे दारात एक मोठा प्लास्टिकचा टब ठेवला होता. आत जाणाऱ्यानं आपला चष्मा काढून त्या टबात टाकायचा, ही तेजगुरूंची पहिली अट.

"कुबड्या बाहेर, माणूस आत!" टबाशी उभा असलेला सेवक बाजारातल्या विक्रेत्यासारखा ओरडत होता. "कुबड्या बाहेर, माणूस आत!"

चष्मेवाल्याला तो टब बघवेना. त्यातले निम्मेअधिक चष्मे त्यानं स्वतःच्या हातानं बनवले होते, आणि आता ते काचेवर काच घासत कांद्याबटाट्यांसारखे पडले होते. तो स्वतः काही भक्त म्हणून आला नव्हता. ताईला जिन्याच्या पायऱ्या नीट दिसत नाहीत, म्हणून तिचा हात धरायला आला होता.

ताई म्हणजे त्याची मोठी बहीण. आई गेल्यावर तिनं त्याला वाढवलं, लोकांच्या कपड्यांवर भरतकाम करून त्याला शिकवलं, आणि दुकानाची पहिली पाटीही तिच्याच कमाईतून लागली. आता तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. हिरवा धागा आणि निळा धागा तिला एकच वाटायला लागला होता. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनची तारीख दिली होती आणि ताईनं ती परस्पर रद्द केली होती. डोळ्याला सुरी लावून घ्यायची तिची तयारीच नव्हती. त्यातून शहरात तेजगुरू आले, जे सुरीशिवाय डोळे धुऊन देत होते. मग ताईला कोण आवरणार?

आत्याही बरोबर होती. आत्या ऐंशीच्या पुढची, आणि तिच्यावर कुणाचीही अट चालत नसे. तिनं पिशवीतून एक जुना, दांडी मोडलेला चष्मा काढला, तो मोठ्या भक्तिभावानं टबात टाकला आणि चांगला चष्मा नाकावर ठेवून सरळ आत निघाली.

"आजी, तो पण काढा," सेवक म्हणाला.

"हा बघण्याचा नाही, हा ऐकण्याचा आहे. याच्याशिवाय मला ऐकूच येत नाही."

सेवकानं क्षणभर विचार केला. मागून रांग रेटत होती. त्यानं तिला सोडलं.

सभागृहाच्या खिडक्यांना काळे पडदे लावले होते. पुढे चौरंगावर एक काळा डबा, त्याच्या तोंडावर जाळी, आणि जाळीआड ओळीनं बसवलेले बारीक दाणे. डब्याच्या मागे तेजगुरू बसले होते. अंगात पायघोळ पांढरा झगा, नाकावर सोनेरी काड्यांचा चष्मा. सेवकानं बटण दाबलं आणि दाण्यांतून एक मंद जांभळट उजेड आला. चाचपडत चालावं इतपतच तो होता. पण त्या उजेडात गुरूंच्या झग्याची बाही निळीशार चमकायला लागली आणि सगळ्या सभागृहातून एकच "अहाहा!" उठला. पुढच्या रांगेतल्या एकाचा शर्टसुद्धा तसाच चमकला. शेजाऱ्यांनी त्याच्याकडे आदरानं पाहिलं. तो शर्ट कुठल्या धुण्याच्या पावडरनं धुतला होता हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

"दिवा तेजाळ असतो तो माणसाला दिपवतो," तेजगुरू हळू, झोप आल्यासारख्या आवाजात बोलत. "हा दिवा तुम्हाला दिपवत नाही. हा तुमच्यात शिरतो. तुम्ही आजवर जे जे नको ते पाहिलंत, त्याचा थर तुमच्या डोळ्यांवर साचला आहे. आज तो वितळेल. रात्री डोळे गळतील. गळू द्या. कुणाकडे जाऊ नका, थेंब घालू नका. मग दुःख आपोआप ओसरेल, आणि तुम्हाला दिसेल."

"आणि गुरूंचा चष्मा?" मागून कुणीतरी विचारलं. असा एखादा प्रत्येक सभेत असतो.

उत्तर सेवकाकडे तयार होतं. "गुरू भक्तांचे नंबर स्वतःच्या डोळ्यांवर घेतात. आजवर उणे अकरा घेतलेत."

लोकांचे डोळे पाणावले. चष्मेवाल्यानं मात्र सवयीनं गुरूंच्या गालाकडे पाहिलं. उणे नंबरच्या काचेतून बघितलं की माणसाच्या गालाची कड आत सरकल्यासारखी दिसते, आणि उणे अकराच्या काचेमागे तर डोळे वाटाण्याएवढे होतात. गुरूंचे डोळे चांगले टपोरे दिसत होते. गालाची कडही काचेतून आणि काचेबाहेर एका रेषेत होती. म्हणजे झिरो नंबर. चष्मेवाल्याला मनातल्या मनात हसू आलं. थोर माणसाला चष्मा शोभतो म्हणून लावला असेल, असं त्यानं ठरवलं आणि विषय तिथेच सोडला.

मग एकेक रांग उठून डब्यापुढे जाऊन बसली. ताई बसली, आत्या बसली. मधूनमधून डबा तापून उजेड आणखी मंदावे. मग सेवक बटण बंद करी आणि "दीप थकला, दीप थकला" म्हणत त्याला पंख्यानं वारा घाली. चष्मेवाला पुढे बसला नाही, दाराशीच उभा राहिला. खरं सांगायचं तर त्याला टबाची राखण करायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई चहाच्या टेबलाशी आली ती भिंत धरत. डोळे लालबुंद, पापण्या सुजलेल्या, गालांवरून पाण्याच्या धारा. खिडकीचा उजेड लागताच तिनं पदरानं तोंड झाकलं.

"ताई! काय झालं?"

"काही नाही रे. वाळू भरल्यासारखं होतंय. गुरूंनी सांगितलंच होतं." तिला वेदना होत होत्या आणि ती खूश होती. हे दोन्ही एकदम बघणं चष्मेवाल्याला फार जड गेलं. "थर वितळतोय माझा. चेहरा बघ, तेज चढलंय की नाही?"

चेहरा खरंच लाल झाला होता. दिवसभर उन्हात राबल्यावर होतो तसा.

"आपण डॉक्टरीणबाईंकडे जाऊ."

"कुणाकडे जायचं नाही, सांगितलंय ना. आणि ऐक, सेवकाचा निरोप आला होता. ज्यांचे डोळे जास्त गळले त्यांना येत्या रविवारी महादर्शन आहे. अगदी डब्याला नाक लावून, आणि बराच वेळ. मला पहिली खुर्ची दिलीय."

"ताई, त्या माणसाचा चष्मा झिरो नंबरचा आहे."

ताईनं पदर बाजूला केला आणि सुजलेल्या डोळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "तुझं दुकान ओस पडलंय ना, म्हणून जळतोस तू."

दुकान ओस पडलं होतं हे खरंच होतं. पण त्याला लागलं. लहानपणी ताप आला की रात्रभर उशाशी बसणारी बाई त्याला मत्सरी म्हणत होती.

इतक्यात आत्या आली. डोळे स्वच्छ, टकटकीत. तिनं चष्मा काढून पदराला पुसायला घेतला आणि चष्मेवाला तिच्याकडे बघतच राहिला. आत्याचे गाल, कपाळ, हनुवटी सगळं लाल होतं. फक्त दोन्ही डोळ्यांभोवती चष्म्याच्या फ्रेमच्या आकाराची दोन फिकट गोल वर्तुळं होती.

"आत्या, तुझे डोळे गळले नाहीत?"

"नाही बाई. माझ्या डोळ्यांनी काय पाप केलंय?" आत्या म्हणाली. "बिस्किटं कुठे आहेत?"

चष्मेवाल्यानं चहा तसाच ठेवला आणि तो डॉक्टरीणबाईंचा दवाखाना गाठायला निघाला.

तिथं पाय ठेवायला जागा नव्हती. बाकांवर ओळीनं लाल डोळे. गुरूंची आज्ञा मोडून आलेली ही मंडळी एकमेकांना ओळख दाखवत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी त्याला आतल्या खोलीत घेतलं.

"चष्मेवाले, शहरात काय चाललंय? एवढ्या लोकांनी एकाच दिवशी वेल्डिंग केलं का?"

"वेल्डिंग?"

"उघड्या डोळ्यांनी वेल्डिंगकडे बघितलं की अगदी हेच होतं. बुबुळावरचा पारदर्शक पापुद्रा अतिनील किरणांनी भाजतो. भाजताना काही कळत नाही. काही तासांनी ठणका लागतो, पाणी गळतं, वाळू खुपते. मग पापुद्रा नवा येतो आणि एक-दोन दिवसांत ठणका जातो."

चष्मेवाल्यानं टब, डबा, झगा, सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई ऐकता ऐकता खुर्चीत मागे टेकल्या.

"म्हणजे जखम तो करतो, भरून काढतं ज्याचं त्याचं शरीर, आणि नमस्कार त्याला," त्या म्हणाल्या. "ठणका थांबला की कुणालाही जग उजळल्यासारखंच वाटणार."

"आणि वाचूनही दाखवतात सगळे. मागच्या आठवड्याच्या लोकांना त्यानं रस्त्यावर नेलं आणि समोरची पाटी वाचायला लावली. 'तेजगुरू, प्रकाश हाच उपचार.'"

"ती पाटी तर चौकाचौकात लागलीय. मी झोपेतही वाचेन. पण दिवा मंद होता म्हणता ना?"

"अगदी मंद. म्हणून तर कुणी भ्यालं नाही."

"तीच तर गोम आहे," डॉक्टरीणबाई उठल्या. कोपऱ्यात ऑपरेशनची हत्यारं ठेवायची एक धातूची पेटी होती. झाकण उघडलं तेव्हा आतल्या पट्टीवर तसेच बारीक दाणे दिसले, पण ते लगेच विझले. "हे अतिनील एलईडी. जंतू मारायला. यांचे किरण डोळ्याला दिसतच नाहीत, त्यामुळे पापणीही मिटत नाही. जांभळं दिसतं ते नुसतं दाखवायला बसवलेल्या वेगळ्या दिव्यांचं. दिवा किती उजळ दिसतो यावरून तो किती भाजेल हे ठरत नाही, हे लोकांना कोण सांगणार? बघा, झाकण उघडलं की दिवे आपोआप बंद होतात. या दिव्यांचा मुख्य नियमच हा, की किरण आणि माणूस एका जागी येऊ द्यायचे नाहीत. आलेच तर तोंडावर ढाल, हातात मोजे, बाह्या मनगटापर्यंत."

"त्याचा डबा तापतो. मग वारा घालतात."

"बॅटरी थेट जोडली असणार. हे दिवे हावरे असतात. तापले की जास्त करंट ओढतात, जास्त ओढला की आणखी तापतात, आणि शेवटी जळतात. म्हणून मधे एक ड्रायव्हर लागतो, तो करंट मोजूनमापून देतो. आणि पाठीला उष्णता ओढून घेणारी ॲल्युमिनियमची पट्टी. माझ्या पेटीत दोन्ही आहे. त्याच्याकडे पंखा आहे."

चष्मेवाल्याच्या डोळ्यांपुढे आत्याच्या चेहऱ्यावरची दोन वर्तुळं आली. "डॉक्टर, हे किरण साध्या काचेतून जातात?"

"हे? नाही. साधी चष्म्याची काचही अडवते यांना."

"नंबर नसला तरी?"

"किरणांना नंबर कुठे कळतो?"

चष्मेवाला खाली बसला. टब का ठेवला होता ते त्याला आता समजलं. आणि स्वतः लावलेला झिरो नंबर कशासाठी, तेही. त्याला प्रथम राग आला, आणि मग भीती वाटली. "ताईला रविवारी डब्याला नाक लावून बसवणार आहेत."

डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "बसू देऊ नका. एकदा भाजलेलं भरून येतं. वर पुन्हा, इतक्या जवळून, इतका वेळ भाजलं आणि त्यात जखम चिघळली, तर बुबुळावर डाग राहील. मग मोतीबिंदू काढूनही मला तिला नजर देता येणार नाही."

घरी ताई ठणक्यानं झोपून होती, म्हणून त्यानं दोन दिवसांनी तिला हे सगळं सांगितलं. तोपर्यंत तिचा ठणका थांबला होता आणि तिला खिडकीबाहेरचं झाड "कसं लख्ख" दिसत होतं. झाड नेहमीसारखंच धूसर असणार, पण ते सिद्ध कसं करणार? ताईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "झालं तुझं बोलून?"

रविवारी महादर्शनाला सभागृह पुन्हा गच्च भरलं. पहिल्या खुर्चीत ताई, ठेवणीतलं पातळ नेसून. डबा तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर. सेवकानं बटणाकडे हात नेला आणि त्याच वेळी दारातून चष्मेवाला आत आला. तोंडावर दवाखान्यातली प्लास्टिकची पारदर्शक ढाल, हातात जाड मोजे, उकाड्यात मनगटापर्यंत बाह्या. मागोमाग डॉक्टरीणबाई, तशाच वेषात. सभागृहात हशा पिकला.

"मधमाश्या काढायला आलात का?" कुणीतरी ओरडलं.

"गुरुजी," चष्मेवाला म्हणाला, "सुरू करण्याआधी एक विनंती. सगळ्यांना चष्मे परत घालू द्या. मला एक गंमत दाखवायचीय."

तेजगुरूंनी डोळे मिटले. "संशयी माणूस आला की दीप मंदावतो."

"मंदावत नाही, तापतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पण गंमत म्हटल्यावर लोकांना राहवेना. सगळे टबाकडे धावले आणि तिथे एकच गोंधळ उडाला, कारण चष्मा शोधायला चष्मा लागतो. फर्निचरवाल्याच्या हाती बायकी फ्रेम लागली, शाळेच्या मुख्याध्यापिकेनं कुणाचा तरी जाड भिंगाचा चष्मा लावला आणि ती खुर्चीला धडकली. शेवटी चष्मेवालाच टबाशी उभा राहिला. "हा तुमचा, उजव्या डोळ्याचा नंबर जास्त. हा तुमचा, ही दांडी मीच बदलली होती." एकही चुकला नाही. एकेक चष्मा नाकावर चढला तशी हसणारी तोंडं हळूहळू शांत झाली. ज्याच्या हातून आपल्याला दिसायला लागतं त्याच्याकडे बघून फार वेळ हसता येत नाही.

ताईनं मात्र चष्मा घेतला नाही. चष्मेवाल्यानं तिची खुर्ची मागे, भिंतीपाशी ओढली. तिनं त्याचा हात झटकला.

डॉक्टरीणबाईंनी खिशातून एक पिवळं कार्ड काढून सर्वांना दाखवलं. "हे माझ्या पेटीत ठेवायचं कार्ड. जंतू मारणारे किरण पडले की हिरवं होतं. साध्या उजेडात काही होत नाही." त्यांनी ते डब्यापुढे धरलं आणि चष्मेवाल्यानं त्यावर आत्याचा दांडी मोडलेला जुना चष्मा धरला. "आता लावा तुमचा दीप."

सेवकानं गुरूंकडे पाहिलं. गुरूंचे डोळे मिटलेलेच होते. शेवटी फर्निचरवाल्यानंच हात लांब करून बटण दाबलं. जांभळा उजेड आला, आणि थोड्या वेळानं डॉक्टरीणबाईंनी बंद करायला लावलं. कार्ड हातोहात फिरलं. सगळं हिरवं, आणि मधोमध दोन पिवळी वर्तुळं, चष्म्याच्या काचांच्या आकाराची.

"अगं बाई," आत्या म्हणाली, "हे तर माझं थोबाड."

"जे किरण हे कार्ड हिरवं करतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तेच तुमची बुबुळं भाजतात. चष्मा घातलेला माणूस वाचतो. म्हणून तुमचे चष्मे टबात."

तेजगुरूंनी डोळे उघडले. "ज्यांना ऐकायचं नाही त्यांच्याशी मी वाद घालत नाही. माझा चष्मा तुमच्याच नंबरांचा आहे. उणे अकरा."

"गुरुजी," चष्मेवाला म्हणाला, "उणे अकराच्या काचेमागे तुमचे डोळे वाटाण्याएवढे दिसले असते. तुमच्या गालाची कड सरळ आहे. इथे बसलेल्यांपैकी ज्यांना उणे नंबर आहे त्यांनी शेजाऱ्याला आपला गाल दाखवावा."

लोकांनी एकमेकांचे गाल पाहिले. मग सगळ्यांनी मिळून गुरूंचा गाल पाहिला.

ताई उठली. भिंत धरत, खुर्च्या चाचपत ती चौरंगापर्यंत आली. चष्मेवाला तिचा हात धरायला पुढे झाला, तर तिनं या वेळी झटकला नाही.

"गुरुजी, माझी खुर्ची तुम्ही घ्या," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "चष्मा माझ्या भावाकडे द्या, तो नीट सांभाळतो. आणि तुम्ही आम्हाला बसवता तितकाच वेळ बसा. मग मी बसते. माझा अजूनही विश्वास आहे, पण तुम्ही बसा."

तेजगुरू बसले नाहीत. दीप थकला आहे, म्हणाले. ताई तिथेच उभी राहून वाट बघत होती. ते मग म्हणाले की आज योग नाही. ताईनं विचारलं, "कधी आहे? त्या दिवशी येते." तेजगुरूंनी सेवकाला डबा उचलायची खूण केली. सेवकानं डबा उचलायला हात घातला तो गरम डब्यावर भाजला, आणि डबा खाली पडून फुटला. आत दाण्यांची एक पट्टी, दोन तारा आणि बॅटरी एवढंच होतं.

डॉक्टरीणबाईंनी रीतसर तक्रार केली. तेजगुरू त्याआधीच निघून गेले होते. हल्ली ते दुसऱ्या कुठल्याशा शहरात गुडघे बरे करतात असं कानावर येतं. आपल्याकडेही काहीजण अजून म्हणतात की चष्मेवाल्यानं पाय घातला नसता तर त्यांचे नंबर गेले असते. म्हणोत. हे दिवे वाईट नसतात. पेटीत बंद करून, मोजून करंट देऊन वापरले तर ठेवलेल्या हत्यारांवर जंतू वाढू देत नाहीत. वाईट आहे ते न विचारणं. तुमचा चष्मा काढायला सांगणाऱ्याला स्वतःचा का ठेवला हे विचारा. रडल्यावर बरं वाटेल असं सांगणाऱ्याला मुळात रडू कशानं येणार आहे हे विचारा. आणि तो जे तुम्हाला करायला सांगतो ते तुमच्यादेखत त्याला करायला लावा. एवढं विचारायला पदवी लागत नाही. ताईनं विचारलं तेव्हा तिला समोरचा माणूसही धड दिसत नव्हता.

बुबुळं पुरती भरून येईपर्यंत डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन पुढे ढकललं. ताई आदल्या दिवशी घाबरली, टेबलावरही घाबरली आणि तसं तिनं सगळ्यांना सांगितलं. पट्टी काढली तेव्हा चष्मेवाला समोर उभा होता. ती त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"केस किती पांढरे झाले रे तुझे."

"मी सांगितलं होतं की तुला. दोन वर्षांपूर्वीच."

"सांगितलं असशील," ताई म्हणाली, आणि हात लांब करून तिनं त्याचे केस नीट केले. "मी तुझं काही ऐकतच नव्हते."